एक केस, मुळापासून टोकापर्यंत : प्रकल्प नोंदी

२ जून

प्रश्न एकच ठेवला आहे. एकाच केसाची रचना मुळाशी आणि टोकाशी सारखी असते का? नसेल तर बदलते ते नेमके काय: बाहेरचे खवले (क्यूटिकल), मधला गाभा (कॉर्टेक्स), की आतली पोकळ मज्जा (मेड्युला)?

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक अडीच वर्षांपूर्वी त्वचेबाहेर आलेले असते आणि मुळालगतचा तुकडा गेल्या महिन्यातला. त्वचेबाहेर आलेल्या केसात एकही जिवंत पेशी नसते, त्यामुळे झालेली झीज भरून निघत नाही. म्हणून मुळापासूनचे अंतर हेच तुकड्याचे वय धरायचे.

नमुने चार: क (सरळ, काळा), ख (लाटदार), ग (कुरळा), घ (पांढरा). चारही न रंगवलेले, कोणतीही रासायनिक प्रक्रिया न केलेले. प्रत्येकाचे २० केस, डोक्याच्या पाच वेगवेगळ्या भागांतून चार-चार. उपटताना चिमट्याच्या टोकांना रबराची नळी बसवली, केस त्वचेलगत धरला आणि वाढीच्या दिशेने एका झटक्यात ओढला. हळू ओढला की मूळ ताणले जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली भलतेच दिसते, नाहीतर केस मधेच तुटतो. शिवाय कंगव्यात आपोआप आलेले केस वेगळ्या पाकिटात.

साठवण घडी घातलेल्या कागदात. प्लॅस्टिकच्या पिशवीत केस विजेने चिकटतात आणि ओल राहिली तर बुरशी धरतात. प्रत्येक केसाच्या मुळाकडे लाल दोऱ्याची गाठ. गाठ निसटलीच तर: केस अंगठा आणि तर्जनीत सैलसर धरून लांबीच्या दिशेने बोटे मागेपुढे चोळावीत. केस आपोआप एकाच बाजूला सरकू लागतो. ज्या बाजूला सरकतो ती मुळाची. खवल्यांच्या कडा टोकाकडे वळलेल्या असल्याने एका दिशेने घर्षण कमी, उलट दिशेने जास्त. दहा केसांवर हे करून पाहिले, दहाही वेळा बरोबर.

धुणे: १०० मिलिलिटर पाण्यात सौम्य शाम्पूचे अर्धा मिलिलिटर, एक मिनिट, ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक मिनिट, गाळणकागदावर रात्रभर. मुळे धुवायची नाहीत, ती आधीच कापून बाजूला ठेवली. तुकडे मुळापासून १, १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर, प्रत्येकी ५ मिलिमीटर.

४ जून

मोजपट्टी बसवली. आयपीसमधली (डोळ्याजवळच्या भिंगातली) १०० भागांची पट्टी आणि स्टेजवरची (स्लाइड ठेवायच्या मंचावरची) १ मिलिमीटरची (१०० भाग, प्रत्येकी १० मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकमेकींवर जुळवून: १० पट ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळच्या भिंगावर) आयपीसचा एक भाग १० मायक्रॉन, ४० पट ऑब्जेक्टिव्हवर २.५ मायक्रॉन. दुसरा आयपीस लावला की हा हिशेब रद्द, पुन्हा जुळवणी.

केस कशात बुडवून मोजायचा यावर दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता. कोरड्या हवेत ठेवलेल्या केसाच्या दोन्ही कडांना जाड काळ्या पट्ट्या दिसतात. त्या केसाचा भाग नाहीत. केसाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.५५ च्या आसपास आणि हवेचा १, त्यामुळे कडेचा प्रकाश वाकून ऑब्जेक्टिव्हच्या बाहेर जातो. नेमकी कड कुठे धरायची हेच कळत नाही. पाण्यात कड स्वच्छ दिसते, पण केस फुगतो: पूर्ण भिजला की जाडी १४ ते १५ टक्क्यांनी वाढते, म्हणजे ७० मायक्रॉनचा केस ८० चा दिसतो. लिक्विड पॅराफिन (बिनरंगी खनिज तेल) सोयीचे ठरले. अपवर्तनांक १.४७ च्या जवळ, कड बारीक आणि ठाम, आणि त्यात केस फुगत नाही. यापुढची सगळी जाडी पॅराफिनमध्येच मोजायची.

नमुना क, १ सेंटिमीटर: ७४ मायक्रॉन.

६ जून

खवल्यांचे ठसे. थेट केसाकडे पाहून खवले नीट दिसत नाहीत, कारण प्रकाश आरपार जातो आणि आतले रंगकण सगळे झाकून टाकतात. ठशात फक्त पृष्ठभाग उतरतो.

पद्धत: स्लाइडवर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ एकच फराटा. दीड मिनिट थांबायचे. बोट टेकवून उचलले तर ठसा उमटतो पण पॉलिश बोटाला येत नाही, ही खूण. त्यावर केस ठेवायचा, दोन्ही टोके स्लाइडबाहेर. वरून दुसऱ्या स्वच्छ स्लाइडने हलका दाब. २० मिनिटे वाळू द्यायचे आणि एका टोकाला धरून केस अलगद सोलून काढायचा. पाहताना कव्हरस्लिप (वरची पातळ काच) नको, कंडेन्सर (दिव्याचा प्रकाश एकवटणारे भिंग) खाली, डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ बंद. डायफ्रॅम उघडा राहिला तर ठसा असूनही काही दिसत नाही. सकाळचे पहिले तीन ठसे याच चुकीने वाया गेले समजून बाजूला टाकले होते, ते तिन्ही चांगले निघाले.

इतर फसलेले: पॉलिश ओले असताना ठेवलेला केस आत बुडतो आणि सोलताना पॉलिशसकट निघतो. जास्त वाळलेल्या पॉलिशवर नुसती एक अरुंद रेघ येते. ब्रश दोनदा फिरवला की बुडबुडे, आणि ते खवल्यांसारखेच दिसतात. तेलकट केसाचा ठसा मधेमधे कोरा.

नमुना क, १ सेंटिमीटर: कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या कडा, केसाच्या अक्षाला आडव्या, किंचित नागमोडी, सलग. दोन कडांमधले अंतर ५ ते ८ मायक्रॉन. १० सेंटिमीटर: कडा करवतीसारख्या दातेरी, काही खवल्यांचे कोपरे उडालेले. २० सेंटिमीटर: कडांची सलगता गेली, मधेमधे गुळगुळीत पट्टे, तिथला वरचा थर निघून खालच्या खवल्याची पाठ उघडी पडली आहे. ३० सेंटिमीटर: आडव्या कडा जवळपास नाहीत, त्याऐवजी लांबीच्या दिशेने उभे चरे. हे चरे खवल्यांचे नाहीत, उघड्या पडलेल्या गाभ्याच्या तंतूंचे आहेत.

खवल्याची एक पेशी सुमारे अर्धा मायक्रॉन जाड आणि ५० मायक्रॉनच्या आसपास लांब असते, पण तिचा जेमतेम सहावा भाग उघडा राहतो. बाकीचा शेजारच्या खवल्यांखाली. म्हणून केसाच्या कोणत्याही जागी ५ ते १० थर एकावर एक सापडतात. त्यांत रंगकण नसतात. थरांचे हे माहीत नसले की ‘खवला पडला’ म्हणजे केस उघडा पडला असे वाटते. तसे नाही. एक थर गेला की खाली दुसरा असतो, आणि टोकाला पोहोचेपर्यंत ते सगळे एकेक करून संपतात.

खवल्याच्या आतले पापुद्रे या सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाहीत. प्रकाशाने दिसण्याची सीमा ०.२ मायक्रॉनच्या आसपास. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते ठाऊक आहेत, आणि झीज समजायला त्यांची गरज लागते. वरच्या बाजूचा पापुद्रा गंधकयुक्त सिस्टीनने (प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाने) गच्च बांधलेला आणि कडक. आतल्या बाजूचा, म्हणजे एंडोक्यूटिकल, गंधकाने गरीब आणि मऊ. पाणी लागले की मऊ बाजू फुगते, कडक बाजू फुगत नाही, आणि खवल्याची कड वर उचलली जाते. ओल्या केसातून कंगवा फिरवल्यावर कडा मोडतात त्या याच उचललेल्या अवस्थेत.

९ जून

लेझरने जाडी. ६५० नॅनोमीटरचा लाल, १ मिलिवॉटच्या आतला पॉइंटर, केस पुठ्ठ्याच्या खिडकीत उभा ताणून, भिंत २.०० मीटरवर. केस किरणाला आडवा आला की भिंतीवर उजेड-काळोखाचे पट्टे पडतात. मधल्या उजेडापासून पहिल्या काळ्या पट्ट्यापर्यंतचे अंतर य असेल तर जाडी = तरंगलांबी × भिंतीचे अंतर ÷ य. मधला बिंदू नेमका धरता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या पहिल्या काळ्या पट्ट्यांमधले अंतर मोजून निम्मे करायचे. किरणाच्या रेषेत डोळा आणायचा नाही.

नमुना क, १ सेंटिमीटर: पट्ट्यांमधले अंतर ३६ मिलिमीटर, य १८, जाडी ७२ मायक्रॉन. मग खिडकी तशीच ठेवून केस स्वतःभोवती पाव फेरा फिरवला. पट्टे डोळ्यांदेखत पसरले: ४४ मिलिमीटर, य २२, जाडी ५९ मायक्रॉन.

केस तोच, जागा तीच. काप गोल नाही, लंबगोल आहे. सूक्ष्मदर्शकाखालचे ७४ का आले हेही उलगडले. स्लाइडवर कव्हरस्लिपखाली केस नेहमी आपल्या रुंद अंगावर निजतो, त्यामुळे तिथे मोठी जाडीच मोजली जाते. ‘केसाची जाडी’ म्हणून एकच आकडा लिहिण्याची सवय इथेच सोडली. यापुढे दोन आकडे.

नमुना ग (कुरळा), १ सेंटिमीटर: ३० आणि ५२ मिलिमीटर, म्हणजे ८७ × ५० मायक्रॉन. जवळजवळ पट्टीच. पण केस चपटा म्हणून कुरळा, हे कारण पुरेसे नाही. कुरळेपणा रोमकूपातच, म्हणजे केस उगवतो त्या त्वचेतल्या नळीतच ठरतो: कूप वाकलेला, त्याचा तळ एका बाजूला कललेला, आणि गाभ्याच्या पेशी दोन्ही अंगांना सारख्या तयार होत नाहीत. चपटेपणा हा त्याच असमान घडणीचा सोबती.

१२ जून

आडवे काप, लेझरचा पडताळा म्हणून. अर्धा मिलिमीटर जाड प्लॅस्टिकच्या पट्टीला ०.७५ मिलिमीटरचे भोक. दोऱ्याचा फास भोकातून बाहेर काढायचा, फासात केसांचा झुपका आणि भरीला रंगीत लोकर, आणि फास ओढून सगळे भोकात खेचायचे. दोन्ही बाजूंना नव्या ब्लेडने पट्टीलगत कापायचे. वर पॅराफिनचा थेंब, कव्हरस्लिप.

भोक गच्च भरले नाही तर केस आत कलतात आणि प्रत्येक काप लंबगोल दिसतो. केस २० अंशांनी कलला तर एक माप ६ टक्क्यांनी खोटे वाढते, ३० अंशांनी १५ टक्के. तपासायची युक्ती अशी की फोकस खालीवर करावा: काप जागेवर राहिला तर केस उभा, बाजूला सरकत गेला तर कललेला. पहिल्या पट्टीतले निम्मे काप यामुळे बाद. वापरलेल्या ब्लेडने गाभा कापला जात नाही, फाटतो. प्रत्येक बाजूला नवी धार.

नमुना क: ७१ × ५८. लेझरशी जुळले.

कापात रंगकण कसे पसरलेत हे उत्तम दिसते. माणसाच्या केसात ते गाभ्याच्या बाहेरच्या बाजूला, खवल्यांलगत जास्त दाट आणि मध्याकडे विरळ. खवल्यांची कडी त्या भोवती बिनरंगी, पातळ, चकचकीत. नमुना घ मध्ये गाभा काचेसारखा स्वच्छ. पांढऱ्या केसात पांढरा रंग असा नसतोच. रंगकण नसले की सगळा प्रकाश परतून येतो, इतकेच.

आजच नमुना क च्या ३० सेंटिमीटरचे काप: ६६ × ५३. दोन्ही मापांत ५-६ मायक्रॉनची घट, म्हणजे प्रत्येक बाजूने ३ मायक्रॉनच्या जवळ. अर्ध्या मायक्रॉनचे सहा खवले गेले तर नेमके एवढेच कमी होते. हा मेळ सुरेख आहे, पण वाढीच्या काळातही केस किंचित जाड-बारीक होतो, म्हणून एका केसावरून निकाल नको. आणखी पाच केसांचे टोक-मूळ काप घ्यायचे.

१६ जून

मज्जा. नमुना ख च्या लांब तुकड्यात मधोमध काळी, तुटक रेघ. पहिली नोंद ‘रंगकणांची दाट पट्टी’ अशी झाली होती, ती खोडली.

मज्जेच्या पेशी वाळताना आकसतात आणि मधे हवेच्या पोकळ्या राहतात. खालून येणारा प्रकाश हवेच्या सीमेवर विखुरतो, वर पोहोचत नाही, आणि जागा काळी दिसते. ओळखायचे असे: खालचा दिवा बंद करून वरून तिरका प्रकाश टाकायचा. काळी रेघ क्षणात चंदेरी पांढरी होते. रंगकण असते तर वरच्या प्रकाशातही गडदच राहिले असते.

दुसरा पडताळा आपोआप झाला. पॅराफिनमधल्या तुकड्याच्या कापलेल्या टोकांकडून द्रव आत शिरत गेला आणि दुपारपर्यंत रेघ दोन्ही टोकांनी मिटू लागली. संध्याकाळी मधला एक मिलिमीटरच काळा उरला. उद्या पाहणाऱ्याने या केसाला मज्जाच नाही असे लिहिले असते! म्हणून नियम: मज्जेची नोंद स्लाइड केल्यापासून दहा मिनिटांत, तुकडा शक्य तितका लांब, टोकांपासून दूर.

मज्जेची रुंदी भागिले केसाची रुंदी: नमुना ख मध्ये ०.२ च्या खाली. माणसात हे गुणोत्तर एक तृतीयांशाच्या आत राहते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या केसात निम्म्याहून जास्त. तुलनेला सशाचा केस ठेवला आहे: आत चौकटींच्या शिडीसारख्या हवेच्या खोल्या, दोन-तीन रांगांत. एकदा शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा गोंधळ होत नाही.

नमुना क मध्ये मज्जा नाही. ग मध्ये तुटक, घ मध्ये बहुतेक सलग. एकाच डोक्यावरच्या दोन केसांत, आणि एकाच केसाच्या दोन जागी, मज्जा असते-नसते. तिच्यावरून केसाचे वय किंवा प्रकृती काढता येत नाही.

१९ जून

गाभा. केसाच्या वस्तुमानाचा मोठा भाग हाच, आणि पाहायला सर्वांत अवघड.

केसाची घट्ट गाठ मारून ती पाहिली: बाहेरच्या वळणावर खवले उभे राहतात आणि त्यांच्या फटींतून उभे तंतू दिसतात. मग ३० सेंटिमीटरचा दुभंगलेला तुकडा पाण्याच्या थेंबात दोन सुयांनी विंचरला. दोरखंड उसवावा तसा गाभा लांब, दोन्हीकडे निमुळत्या चात्यांमध्ये सुटला. मोजल्या तेवढ्या चात्या ९० ते ११० मायक्रॉन लांब, ३ ते ६ रुंद. या गाभ्याच्या पेशी. त्यांच्यात ठिपक्यांच्या माळा दिसतात ते मेलॅनिनचे (केसाच्या रंगद्रव्याचे) कण, एक मायक्रॉनच्या आतले.

दोन पोलरॉइड पट्ट्या, एक दिव्यावर, एक आयपीसवर, आडव्या-उभ्या. सगळे काळे. केस पट्ट्यांच्या दिशेत ठेवला तरी काळाच. स्टेज ४५ अंश फिरवली आणि केस उजळून निघाला, कडेपासून मध्यापर्यंत रंगांचे पट्टे घेऊन. आतली केरॅटिनची (केसाच्या मुख्य प्रथिनाची) रचना केसाच्या लांबीला समांतर लावलेली असल्याशिवाय असे होत नाही.

त्याखालची पायरी सूक्ष्मदर्शकाने नाही, क्ष-किरणांनी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कळलेली: केरॅटिनची साखळी मळसूत्रासारखी वळलेली, दोन मळसूत्रे एकमेकींना पीळ घालून, अशा जोड्यांचे सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे तंतू, तंतूंचे जुडगे, जुडग्यांनी भरलेली पेशी. तंतूंच्या मधली भर वेगळ्या, गंधकाने समृद्ध प्रथिनांची. तिला गंधक-गंधक बंध घट्ट धरतात. तंतू आणि भर असे दोन वेगळे साहित्य आहे हे पुढच्या दोन नोंदींसाठी लक्षात ठेवायचे.

२४ जून

ताण. मोकळी लांबी ५० मिलिमीटर. दोन्ही टोके जाड कागदाच्या चौकोनांत सुपरग्लूने, २४ तास वाळवून. वरचा चौकोन स्टँडला, खालच्याला हलकी बाटली, बाटलीत ड्रॉपरने पाणी, शेजारी मिलिमीटर पट्टी. दर दोन ग्रॅमला १५ सेकंद थांबून वाचन. घाईने पाणी ओतले की तुटण्याचा आकडा फुगतो.

नमुना क, १ सेंटिमीटरपासून पुढचा तुकडा, कोरडा. पहिला १ मिलिमीटर (२ टक्के) ताठ आणि सरळ: जेवढा भार तेवढी वाढ. ३१ ग्रॅमच्या आसपास केस ‘सुटतो’: भार फारसा न वाढवता लांबत जातो, २५ टक्क्यांपर्यंत. मग पुन्हा ताठ. ७२ मिलिमीटरला, ५८ ग्रॅमवर तुटला. काप ७२ × ५९ धरून क्षेत्रफळ ०.००३३ चौरस मिलिमीटर, ताण सुमारे १७० मेगापास्कल.

मधला सुटा टप्पा म्हणजे मळसूत्रे उलगडून साखळ्या सरळ होणे. लीड्स विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० च्या दशकात लोकर आणि केस ताणून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांतून हा बदल समोर आला. घरबसल्या पडताळा: २० टक्के ताणलेला तुकडा सोडला तर तो पूर्ण आखडत नाही, पाण्यात ठेवला, सकाळी ५० मिलिमीटरवर परत. ३५ टक्के ताणलेला परतला नाही.

३० सेंटिमीटरचा तुकडा: ४५ ग्रॅमवर तुटला. आकडा पाहून टोक दुबळे वाटते. पण तिथला काप ६६ × ५३ आहे, क्षेत्रफळ ०.००२७, ताण १६० मेगापास्कलच्या वर. खवले संपले, तरी गाभ्याने भार पेलण्यात जेमतेम कसर केली. खवले ओझे उचलत नाहीत, ते गाभ्याची झीज थोपवतात. आज प्रकल्पाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले.

ओला तुकडा (१५ मिनिटे पाण्यात): सुटतो तो १६ ग्रॅमलाच, कोरड्याच्या निम्म्यावर. तुटतो ५२ ग्रॅमला, ५५ टक्के लांबून.

बाद केलेली वाचने सहा. चार ग्लूच्या कडेला तुटली. दोन आतून घसरली. तिथे केस लांबत असल्याचा भास होतो, म्हणून चौकोनाच्या कडेला केसावर शाईचा ठिपका द्यावा, ठिपका बाहेर आला की वाचन बाद.

२७ जून

दमटपणा आणि लांबी. बंद काचपात्रात मिठांचे संपृक्त द्रावण, कंसात त्याने पात्रातल्या हवेत राहणारा दमटपणा: मॅग्नेशियम क्लोराइड (३३ टक्के), साधे मीठ (७५), पोटॅशियम सल्फेट (९७), तापमान २५ अंश. २०० मिलिमीटर केस, अर्धा ग्रॅम भार, वाढ दहापट करून दाखवणारा १:१० चा काटा. प्रत्येक पात्रात सहा तास.

३३ वरून ७५: वाढ १.६ मिलिमीटर. ७५ वरून ९७: ०.५. शून्यापासून पूर्ण दमटपणापर्यंत केस लांबीत २ ते २.५ टक्केच वाढतो आणि त्यातली बरीच वाढ कोरड्या बाजूला आटोपते. जाडी मात्र १४-१५ टक्के वाढते. तंतू पाणी फारसे घेत नाहीत, भर घेते. तंतू लांबीला समांतर असल्याने केसाला फुगायला जागा फक्त आडवी. स्विस शास्त्रज्ञ होरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये याच लांबीवर आर्द्रतामापक उभा केला. काट्याची पट्टी समान भागांची करू नये, दमट टोकाला भाग दाटत जातात.

१ जुलै

मुळे. उपटलेले आणि गळलेले शेजारी-शेजारी, ग्लिसरीनच्या थेंबात, कव्हरस्लिप न दाबता.

वाढत्या अवस्थेतले मूळ: तळ काळसर, मऊ, अनेकदा छडीच्या मुठीसारखा वाकलेला, वर पारदर्शक ओलसर आवरण, पायात घसरलेल्या मोज्यासारखे चुण्या पडून गोळा झालेले. हे आवरण कूपात केसाभोवती असणाऱ्या आतल्या आणि बाहेरच्या वेष्टणाचे. आतल्या वेष्टणाचे तीन थर: हेन्लेचा, हक्स्लीचा आणि वेष्टणाचे स्वतःचे खवले. मधला थर इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८४५ मध्ये दाखवला, तेव्हा त्यांचे वय वीस. वेष्टणाचे खवले केसाच्या खवल्यांत उलट्या दिशेने गुंततात. वाढता केस कूपात घट्ट बसतो तो यामुळे.

विश्रांतीतले मूळ: बिनरंगी, टणक, गदेसारखे गोल टोक, वेष्टण नाही. गळलेल्या ३० पैकी सगळे असेच. उपटलेल्या २० पैकी १८ वाढते, २ विश्रांतीतले. डोक्यावर साधारण ८५ ते ९० टक्के केस वाढत्या अवस्थेत असतात, ती अवस्था २ ते ६ वर्षांची. मधली संक्रमणाची दोन-तीन आठवडे. विश्रांती तीनेक महिने. आमचे प्रमाण जुळले, पण २० केसांवरून टक्केवारी काढायची नसते, एका केसाने ती ५ टक्क्यांनी हलते.

गळलेल्या केसाच्या टोकाचा पांढरा ठिपका पाहून लोक घाबरतात, मूळच निघाले म्हणून. तो ठिपका म्हणजे हेच गदेचे टोक; दिवसाला ५० ते १०० केस असे सुटणे नेहमीचे. केस घडवणारी केशांकुरिका त्वचेतच राहते. उपटलेल्या मुळातही ती येत नाही. आमच्या एकाही स्लाइडवर नाही.

५ जुलै

विरंजन (ब्लीच). ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, अमोनियाचे थेंब टाकून सामू १०, ३० मिनिटे, २५ अंश. हातमोजे, उघडे भांडे. झाकण लावले तर सुटणाऱ्या ऑक्सिजनने उडते. नमुना क, १ सेंटिमीटर, एकदा आणि तीनदा.

एकदा: काळ्याचा तांबूस तपकिरी. तीनदा: पिवळसर. काळे-तपकिरी यूमेलॅनिन आधी तुटते, तांबूस फिओमेलॅनिन जास्त टिकते, आणि शेवटचा पिवळा हा बऱ्याच अंशी केरॅटिनचा स्वतःचा.

ठशात खवले जागेवर आहेत. हे अनपेक्षित नव्हते, तरी टिपून ठेवावे. पाण्याचा थेंब मात्र आता केसांच्या झुपक्यावर उभा राहत नाही, लगेच पसरतो. प्रक्रियेआधी मुळालगतचे केस थेंब झिडकारत होते. खवल्यांवर रासायनिक बंधाने जोडलेला मेदाम्लाचा एक रेणू जाडीचा थर अल्कलीने निघून जातो. ठशावर त्याची खूण उमटणे शक्यच नाही.

ताण, कोरडा: ३० ग्रॅमला सुटला, म्हणजे आधीसारखाच. ओला: १२ ग्रॅम, आधी १६. कोरड्या केसात हायड्रोजन बंध कमी सांभाळून घेतात. पाणी ते सोडवते आणि भरीतले गंधक-गंधक बंध किती उरलेत ते उघडे पडते. पेरॉक्साइडने त्यातले काही सिस्टेइक आम्लात बदलले. रासायनिक इजा मोजायची असेल तर केस ओलाच ताणावा. कोरड्या चाचणीवर विसंबून आधी ‘परिणाम नाही’ असे लिहिलेली ओळ खोडली.

८ जुलै

१२ जूनचे राहिलेले पाच केस. चारांत टोकाकडे दोन्ही मापे ४ ते ७ मायक्रॉनने कमी आणि ठशात खवले नाहीत. पाचव्यात टोक मुळापेक्षा ३ मायक्रॉनने जाड. ठसा पाहिला: कडा मूळ म्हणून लिहिलेल्या बाजूकडे वळलेल्या. पाकिटात तुकडे उलटे पडले होते. चिठ्ठ्या बदलल्या, माप पुन्हा लिहिले. आता पाचही एका बाजूला.

स्लाइडची व्यवस्था: ठसे धूळ झटकून डब्यात, ते टिकतात. पॅराफिनच्या स्लाइड टिकणार नाहीत, कव्हरस्लिप सरकते. नमुना ग आणि घ च्या मज्जेची छायाचित्रे वरच्या प्रकाशात अजून घ्यायची आहेत. उरलेले लांब केस घेऊन नव्या स्लाइड, एका वेळी एकच, आणि छायाचित्र झाल्याशिवाय दुसरी करायची नाही.